अर्धा काठ

लोहारा गावच्या पेठेत नागनाथ वेदपाठकाएवढा भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःही नाकारत नसे. पोस्टमन दारात थांबला की त्याच्या पोटात गोळा यायचा. कामासाठी धाराशिवला गेला तर कोर्टासमोरून जाताना तो रस्त्याची दुसरी बाजू धरी. जातीनं सोनार, धंद्यानं सोनार, आणि हातात गुंजभर सोनं असलं तरी तीनदा कडी बघून येणारा. असल्या माणसाकडं गावातल्या बायका आपले सोन्याचे डाग का ठेवायच्या, असं कुणी विचारील. तर त्या नेमक्या एवढ्याचसाठी ठेवायच्या. एवढा घाबरणारा माणूस आपलं सोनं खाणार नाही, याची त्यांना खात्री होती.

ठेवण्याची रीतही ठरलेली होती. बाईनं आपल्या लुगड्याच्या काठाची वीतभर पट्टी फाडायची आणि ती मधोमध दोन करायची. एका तुकड्यात डाग बांधून नागनाथला द्यायचा, दुसरा तुकडा आपल्याजवळ ठेवायचा. परत न्यायला आलं की तो अर्धा काठ पुढं करायचा. दोन्ही तुकडे शेजारी मांडून धाग्याला धागा जुळला, की पुरचुंडी हातात. नाव विचारायचं नाही आणि कुठं लिहायचं तर मुळीच नाही. कारण पुष्कळदा डाग ठेवल्याचं सासूला ठाऊक नसे आणि पुष्कळदा नवऱ्यालाही नसे. माहेरची निशाणी, चोरून साठवलेले चार पैसे, उद्या काय वेळ येईल याची धास्ती, असं सगळं त्या चिंध्यांत बांधलेलं असे. नागनाथच्या आजानं हे चालवलं, बापानं चालवलं. निजामाच्या राज्यातल्या त्या शेवटच्या धामधुमीतसुद्धा एक पुरचुंडी इकडची तिकडं झाली नव्हती. याबद्दल तो कुणाकडून काही घेत नसे. नाव विचारत नसला तरी कोणतं लुगडं कुणाच्या अंगावर असतं हे त्याला ठाऊक असायचंच; पेठेत बसलेल्या सोनाराला ते न दिसून कसं चालेल?

बहात्तरच्या दुष्काळात या पुरचुंड्या फार झाल्या. माणसं घरं उघडी टाकून खडी फोडायला गेली होती, तेव्हा दुपारच्या वेळी बायका एकेकट्या येत आणि पदराआडून चिंधी पुढं करत. शेगडीमागच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्याच्यावर फळी आणि फळीवर सारवण. पाऊसपाणी झाल्यावर बहुतेकींनी आपापलं परत नेलं. पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर कोनाड्यात अकरा पुरचुंड्या उरल्या होत्या.

आणि त्याच वर्षी कायदा आला.

गावात दगडोबा कोतवालानं दवंडी दिली. गोरगरीब शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांची सावकाराकडची देणी सरकारनं रद्द केली आहेत. गहाण पडलेले डाग ज्याचे त्याला परत करावेत. जो दडवून ठेवील त्याच्यावर खटला होईल. कायदा चांगलाच होता, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. कित्येक घरांत वर्षानुवर्षं सावकाराच्या पेटीत पडलेली जोडवी, सरी, बोरमाळ त्या साली परत आली, आणि बायकांनी ती घासूनपुसून अंगावर घातली. पण दवंडीचा डफ पेठेत वाजला तेव्हा नागनाथच्या हातातली मूस हलली आणि पातळ झालेलं सोनं शेगडीच्या राखेत सांडलं. ते राखेतून वेचायला त्याला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी आबाराव आले. आबाराव म्हणजे गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी. रोज दहाच्या सुमाराला नागनाथच्या बैठकीवर बसून ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, आणि वाचून झालं की ते समजावूनही सांगत.

“नागूशेठ, तुमच्याकडं कुणाचं काय गहाण हाय का?” त्यांनी पानावरून नजर न उचलता विचारलं.

“आपण सावकारी करीत न्हाय, आबाराव. मणी ओवायचे, तुटलेलं जोडायचं, एवढंच.”

“ते मला ठावं हाय. पन समजा, कुणाच्या घरात दुसऱ्याचं सोनं सापडलं. वहीत नाव न्हाय, वजन न्हाय. तर सायेब त्याला ठेव म्हणणार का गहाण म्हणणार?”

“काय म्हणणार?”

“गहाणच म्हणणार की. दुसऱ्याचं सोनं फुकट कोन सांभाळतंय?” आबाराव हसले. “तुमास्नी काय फिकीर? तुमची सोन्याच्या कायद्याची वही हाय. वहीत असलं की मिटलं.”

वही होती. सोन्यावर सरकारनं निर्बंध घातले तेव्हापासून प्रत्येक सोनाराला दाखला घ्यावा लागे आणि वही ठेवावी लागे. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, डाग कोणता, वजन किती, परत कधी दिला, पुढं सही नाहीतर अंगठा. नागनाथची वही पेठेत सगळ्यांत नेटकी होती; भित्र्या माणसाची वही नेटकीच असते. फक्त त्या अकरा पुरचुंड्या तिच्यात नव्हत्या. त्या लिहायच्या तर नावं लिहावी लागणार, आणि नावं लिहायची नाहीत म्हणून तर त्या आल्या होत्या.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. आणीबाणीचे दिवस होते. कोण कशासाठी आत जातो आणि कधी बाहेर येतो, याचा कुणाला पत्ता लागत नव्हता. पौषात आबारावांनीच बातमी आणली. उमरग्याला एका सावकाराच्या घरासमोर तपासणीच्या सायबाची जीप थांबली. सायबानं भिंती ठोकून पाहिल्या, देवघराची फरशी उकरली, आणि सावकाराला अंगावरच्या धोतरानिशी जीपमध्ये बसवून नेलं.

“भिंती ठोकल्या?” नागनाथनं विचारलं.

“काठीनं. पोकळ वाजलं की फोडायची.”

आबाराव गेल्यावर नागनाथनं शेगडीमागच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पोकळ वाजलं. त्यानं पुन्हा वाजवून पाहिलं, आणि मग तो तिथंच भिंतीला पाठ लावून बसला. आपण साठीला आलो, आपल्याला दम लागतो, तुरुंगात खाली जमिनीवर निजवतात, असं काहीबाही त्याच्या डोक्यात येत राहिलं. त्याला खरोखर रडू आलं.

त्याची बायको मालनबाई धीराची. तिनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, “ज्याचं त्याला देऊन टाकू. म्या सांगते बायकांना.”

तिनं पिठाची गिरणी गाठली, नळ गाठला, आणि कानाकानानं निरोप पोचवला. आठवड्याभरात दहा जणी येऊन गेल्या. दहा वेळा अर्धे काठ जुळले. काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्या घाईनं नेऊन ठेवायचं कुठं, असं एकीनं विचारलंही. नागनाथनं तिच्या हातात पुरचुंडी ठेवली. प्रत्येक पुरचुंडी गेली की त्याची छाती थोडी हलकी व्हायची.

अकरावी तेवढी राहिली. ती होती भिमाबाईची.

भिमाबाई गावाच्या पश्चिमेच्या वस्तीतली. दुष्काळात खडी फोडायला गेली, तेव्हा पहिल्या महिन्याच्या मजुरीतून पैसे बाजूला काढून नागनाथकडं आली आणि म्हणाली, “मामा, एक मणी द्या. सोन्याचा. ल्हानातला ल्हान.” तो मणी तिनं हिरव्या लुगड्याच्या लाल काठात बांधला आणि त्याच्याकडंच ठेवला. नंतर दर महिन्या-दीड महिन्यानं ती यायची. अर्धा काठ दाखवायची, तो पुरचुंडी सोडायचा, एक मणी आत टाकायचा आणि पुन्हा गाठ मारायचा. बाकीच्या बायका बैठकीच्या कडेला टेकत. भिमाबाई पायरीवर बसे. वर ये असं नागनाथनं कधी म्हटलं नाही, आणि तिनंही कधी पाऊल वर टाकलं नाही. पण मणी कशासाठी हे तिनं त्याला सांगितलं होतं. पोरगी यशोधरा शाळेत हुशार होती. मॅट्रिक झाली की तिला धाराशिवला नर्सच्या शिक्षणाला घालायची. तिथं राहण्याखाण्याला लागेल, कापडाला लागेल. त्या वेळी हात पसरायला नको, आणि कुणी अडवायलाही नको.

“घरात सांगितलंस का?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“घरात सांगितलं की त्ये घराचं हुतं, मामा,” ती म्हणाली होती.

एकतीस मणी झाले होते. आणि भिमाबाई गावात नव्हती. तिच्या भावाची बायको बाळंतीण, म्हणून भावाला ऊसतोडीला जोड नव्हती. दिवाळी झाल्यावर ती भावाबरोबर टोळीत गेली होती. टोळी कुठल्या कारखान्याच्या कुठल्या फडावर आहे, कुणाला सांगता येईना. यशोधरा दहावीत, म्हणून बापाजवळ राहिली होती. बाप मच्छिंद्र सोसायटीच्या गोदामावर हमाल होता.

“एकच तर हाय,” मालनबाई म्हणाली. “चैतापत्तुर ती येतीय. तवर म्या कमरेला बांधते. बाईच्या कमरेला कोन हात लावतंय?”

“तुला धरून नेलं तर?”

“नेतील नेतील, आन् सोडतील.”

नागनाथ तिच्यावर ओरडला. चाळीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा ओरडला, आणि ओरडून झाल्यावर त्यालाच धाप लागली. मग त्यानं पुरचुंडी मिरच्यांच्या मडक्यात घातली. तिथून काढून राखेत पुरली. राखेतून काढून पाटाखाली खोचली. कुठंही ठेवली तरी ती तिथून ओरडते आहे असं त्याला वाटे.

माघातल्या एका सकाळी दगडोबा कोतवाल पेठेतून पळत गेला. नागनाथनं त्याला हाक मारली.

“सायेब आलेत, शेठ. जीप तळ्याच्या कामाकडं गेली. माघारी येताना पेठत थांबणार म्हणत्यात.”

“कशाला?”

“मला कोन सांगतंय?”

नागनाथ तसाच आत गेला. त्यानं पाटाखालून पुरचुंडी काढली, बगलेत वही मारली, कनवटीला टाक आणि शाईची दौत लावली, आणि पायात वहाण न घालता तो सोसायटीच्या गोदामाकडं निघाला. वाटेत त्याला रामराम केलेल्या तिघांना त्यानं ओळखलंसुद्धा नाही. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होतं. आजाच्या, बापाच्या काळात जे कुणी केलं नाही ते आपण करतो आहोत, हेही कळत होतं. पण कानात जीपचा आवाज होता. प्रत्यक्षात रस्त्यावर एक बैलगाडी तेवढी होती.

मच्छिंद्र गोदामाच्या दारात पोती शिवत बसला होता. सरळ माणूस. दहा वर्षं सोसायटीच्या धान्यात राहून कधी मूठभर ज्वारी धोतरात बांधली नव्हती.

“हे घे,” नागनाथ म्हणाला. “तुमच्या घरचं. तुझ्या बायकोनं ठेवायला दिलं होतं.”

मच्छिंद्रनं गाठ सोडली. एकेक मणी बोटानं सरकवून त्यानं बघितला. मग म्हणाला, “भिमीनं? आन् मला न्हाय सांगितलं?”

“ते तुमचं तुम्ही बघा. कायदा आलाय. ज्याचं त्याला दिलंच पाहिजे. इथं सही कर.”

वहीच्या पानावर नागनाथनं तिथंच पोत्यावर बसून लिहिलं: नाव, गाव, सोन्याचे मणी नग एकतीस. मच्छिंद्रनं मोठ्या कष्टानं सही केली. मग हळू आवाजात म्हणाला, “शेठ, म्या गोदामाचा हमाल. माझ्या घरात सोनं दिसलं तर लोक काय म्हणतील? सोसायटीचं धान्य इकलं म्हणतील. तपास चालूच हाय सगळीकडं.”

तेव्हा नागनाथ तो शब्द बोलून गेला. तो त्याला कुणी विचारला नव्हता, आणि तो बोलण्याचं काही कारणही नव्हतं. वही बंद करता करता, अर्धी सुटका झाल्याच्या आनंदात तो म्हणाला, “घरात ठेवूच नको. अंगावरच्या सोन्याला कुणी हात लावत नाही. लग्नाकार्याचं सोनं कुठून आलं, असंही कुणी विचारीत नाही.”

“अंगावर कुणाच्या? भिमी तर तिकडं उसात.”

“ते तू बघ,” म्हणून नागनाथ उठला.

दुपारी जीप पेठेतून गेली. थांबली नाही. धूळ तेवढी बैठकीवर आली.

त्या दिवशी नागनाथ पोटभर जेवला. मालनबाईनं त्याला दोनदा विचारलं, पुरचुंडी कुठं आहे म्हणून. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं. ती उठली. ताट उचलून आत गेली आणि चार दिवस कामापुरतंच बोलली.

पंधरवडाभरानं मच्छिंद्र पायरीशी येऊन उभा राहिला. तोंडावर हसू होतं, पण डोळे चोरून बोलत होता. “यशोदराचं जमलं, शेठ. थोरल्या भावानं स्थळ आणलं. पोरगा सोलापूरला मिलमध्ये हाय. परवाच उरकून टाकतोय. ह्या मण्यांच्या दोन वाट्या करा, काळी पोत मी आणलीय.”

“दहावीची परीक्षा...” नागनाथ म्हणाला.

“आता काय करायची परीक्षा? सोनं घरात, पोरगी घरात, आन् म्या दिसभर गोदामावर. मला झोप लागंना, शेठ. कोन कवा इच्यारील, काय सांगू?”

“भिमाबाईला कळवलंस?”

“कुठं कळवू?”

आता सोनाराचा वायदा काय असतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. उद्या ये, परवा ये, शेगडी पेटली नाही, हात दुखतोय, असं म्हणत कुठलाही सोनार सरळ दोन महिने काढतो. नागनाथनं आयुष्यात एकही डाग बोलल्या दिवशी दिला नव्हता. या वेळी त्यानं नुसतं ‘होळीनंतर ये’ म्हटलं असतं, तर वाट्यांवाचून लग्न अडलं असतं. होळीनंतर परीक्षा झाली असती, आणि मग पंधरा दिवसांनी भिमाबाई आली असती. हे सगळं त्याच्या मनात आलं. एवढं एक खोटं, जे तो रोज बोलायचा, ते त्या दिवशी बोलायचं होतं.

पण ‘होळीनंतर’ म्हणजे ते एकतीस मणी पुन्हा त्याच्या घरात. लिहून घेतले तरी घरात. जीप पुन्हा आली तर? त्यानं मच्छिंद्रला म्हटलं, “बैस. आत्ताच करून देतो.”

एकेक करून तीन वर्षांत दिलेले मणी त्यानं एकदम मुशीत टाकले. या वेळी मुशीतला थेंबही राखेत सांडला नाही. वाट्या सुबक उतरल्या. वहीत नोंद झाली, सही झाली, आणि दिवस मावळायच्या आत सोनं त्याच्या उंबऱ्याबाहेर गेलं.

फाल्गुनात सायेब खरंच आले. आले तसे बैठकीवर टेकले, चहा घेतला, वहीची चार पानं उलटली. भिंतीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. “नोंदी चोख आहेत,” असं म्हणून त्यांनी खाली सही केली आणि निघून गेले. सगळं मिळून चहा निवायला लागला असेल तेवढा वेळ. आबारावांनी ही गोष्ट आठवडाभर गावाला सांगितली. नागनाथ मात्र सायबाच्या सहीकडं बघत बसायचा. एवढ्यासाठी, असं त्याला वाटायचं, आणि पुढचा विचार तो करत नसे.

ऊसतोडीच्या टोळ्या चैत्रात परतल्या. भिमाबाई गावात आल्याचं मालनबाईनं सांगितलं, तेव्हापासून नागनाथला पुन्हा जेवण जाईना. आज येईल, उद्या येईल, अशी वाट बघण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी ती आली. उन्हानं काळवंडलेली, बोटांना पाचटाचे चरे. पायरीपाशी ती थांबली नाही. पायरी चढून वर आली, बैठकीवर त्याच्या समोर बसली, आणि लाल काठाचा अर्धा तुकडा तिनं तराजूशेजारी मांडला.

नागनाथनं वही उघडली. “सगळं कायद्यानं झालंय, भिमाबाई. ही बघ. नोंद आहे.”

“वाचा,” ती म्हणाली.

त्यानं वाचलं. मच्छिंद्रचं नाव, गाव, सोन्याचे मणी नग एकतीस, परत दिले, सही.

“यात माजं नाव कुठं हाय?”

“न्हाय.”

“मग मणी कुणाचे व्हते, मामा?”

नागनाथनं ओळीवरचं बोट काढून घेतलं.

“तुमी नाव इच्यारीत न्हवता, म्हणून म्या तुमच्यापाशी ठिवलं. नवऱ्याच्याच हातात द्यायचं असतं तर घरात उतरंड काय थोडी व्हती?”

“जीप यायची होती,” तो म्हणाला. “मी लई भ्यालो, भिमाबाई. मला धरून नेलं असतं.”

“आली का जीप?”

“आली.”

“काय केलं तुमाला?”

“काय न्हाय. सही करून गेले.”

तिनं पानाखालच्या सायबाच्या सहीवरून बोट फिरवलं. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “काल सोलापूरला जाऊन आले. लेकीनं गळ्यातलं दाखवलं. वाट्या लई सुबक झाल्यात, मामा. तुमचा हात चांगला हाय.”

नागनाथच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता लिवा,” ती म्हणाली. “माजं नाव लिवा.”

“काय लिहू?”

“भिमाबाई. काठ, अर्धा. परत.”

त्यानं टाक दौतीत बुडवला आणि ती म्हणाली तसं लिहिलं. वजनाचं घर रिकामं राहिलं. अंगठ्यासाठी त्यानं शाईची गादी पुढं केली, तर तिनं ती बाजूला सारली आणि टाक मागितला. वाकून, एकेक अक्षर जोडत, तिनं आपलं नाव काढलं. सही करायला तिला यशोधरानं शिकवलं होतं. मग ती उठली, पायरी उतरली आणि वस्तीच्या वाटेनं चालू लागली. अर्धा काठ तराजूशेजारी तसाच राहिला.

त्यानंतर पेठेतून जीप कितीदा गेली, नागनाथनं मान वर करून पाहिलं नाही. पायरीशी बांगड्या वाजल्या की मात्र त्याची फुंकणी थांबायची, आणि कोण आलंय हे कळेपर्यंत त्याच्या पोटात गोळा यायचा. येणारी बाई जोडवी सैल करून घ्यायला नाहीतर कानातली तार जोडायला आलेली असायची. तो विचारायच्या आधीच ती आपलं नाव, नवऱ्याचं नाव सांगायची आणि काम होईपर्यंत वहीकडं बघत राहायची. काठ फाडून बांधलेली पुरचुंडी घेऊन त्या पायरीवर पुन्हा कुणी आलं नाही.